पुढच्या गाडीची घंटी

"सर, ते मिसाइलवाले लघवीले कुठं जातात?"

पांढरकवड्याच्या शाळेच्या सभागृहात तेव्हा दीडशे पोरंपोरी बसलेली होती, आणि दीडशेही एकदम गप्प झाली. मग मागच्या रांगेत कोणी तरी फुस्सकन हसलं. ते हसू रांगेरांगेनं पुढं सरकत आलं आणि थेट शिक्षकांच्या खुर्च्यांपाशी येऊन अडखळलं. प्रश्न विचारणारी जया आडे मात्र ताठ उभी होती. दोन वेण्या, दोन लाल रिबिनी आणि नाकाच्या शेंड्यावर घाम.

खरं सांगायचं तर प्रश्न तिचा नव्हताच. निकिता आणि सुरभी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती. एवढं विचारून दाखव, मग बसस्टँडवरची तर्री-पोह्याची प्लेट आमच्याकडून. जयानं तर्रीसाठी विचारलं असंही नाही. नववीपर्यंत ही पोरगी हजेरी देतानासुद्धा स्वतःच्या पायांकडे बघायची. मग फेब्रुवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला आणि तिचा आवाज जो सुटला तो काही केल्या आवरेना. गोऱ्ह्याचं दावं सुटावं तसं झालं होतं तिचं. दिसेल त्या वावरात घुसायचं!

समोर नागपूरहून आलेले निवृत्त अधिकारी होते. तासभर ते एस-चारशेवर बोलले होते. ही रशियाची क्षेपणास्त्र यंत्रणा चारशे किलोमीटरवरचं विमान कसं टिपते, रडारची गाडी वेगळी, हुकूम देणारी गाडी वेगळी, नळकांडी उभी करणारी गाडी वेगळी, हे सगळं त्यांनी पडद्यावर दाखवलं. रशियानं ती चीनला विकली, तुर्कस्ताननं घेतली तर अमेरिकेनं रागानं त्याला आपली विमानं द्यायची नाकारली, आपण पाच मागवल्या, तीन आल्या, रशिया स्वतःच लढाईत अडकला म्हणून दोन अजून यायच्या आहेत. मे महिन्यात टीव्हीवर याच गाड्यांचं नाव रात्रंदिवस चाललं होतं. तेव्हापासून पांढरकवड्यातला प्रत्येक पानठेलेवाला संरक्षणतज्ज्ञ झाला होता.

"जया, खाली बस!" गावंडे मॅडम कडाडल्या. त्या मुख्याध्यापिका.

"असू द्या मॅडम." साहेब हसले. "सगळी व्यवस्था असते, बेटा. पुढचा प्रश्न?"

जया बसली नाही. पैज जिंकून झाली होती, पण आता तिला उत्तर हवं होतं. "कोणती व्यवस्था, सर? तुम्हीच म्हणाले का गाड्या माळरानात आठ-आठ दिवस उभ्या राह्यतात. तिथं नळ त नसन. पाणी कोण आणते?"

"ते सप्लायवाले बघतात. त्याचा आपल्या विषयाशी काही संबंध नाही. आपण मिसाइलबद्दल बोलतोय."

"काय व जये, तुले लागली का?" मागून एक पोट्टा ओरडला आणि या वेळचा हशा जयाच्या कानशिलांत तापत गेला. आणि मग ती बोलून गेली. जिभेला हाड नसतं, पण त्या क्षणी जयाच्या जिभेला जणू चार चाकं फुटली.

"माझे बा होते त्याच्यावर! एस-चारशेवर! घरी फोटो आहे!"

हशा थांबला. साहेबांनी चष्मा काढला. "अस्सं? ट्रेड कोणता त्यांचा? म्हणजे काम?"

"मिसाइल," जया म्हणाली.

साहेब तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग हळूच "अच्छा" म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. गावंडे मॅडमचा चेहरा तर असा उजळला, की मघाची लघवी त्या साफ विसरल्या. सव्वीस जुलैला कारगिल विजय दिन होता. प्रमुख पाहुणा कोण आणावा म्हणून त्या आठवडाभर फोन करत होत्या, आणि पाहुणा सायकलच्या टप्प्यावर निघाला!

संध्याकाळपर्यंत निमंत्रण सगळ्या फोनवर फिरलं. वर तिरंगा, मध्ये उडणारं क्षेपणास्त्र आणि खाली लाल अक्षरांत 'क्षेपणास्त्रवीर खेमसिंग आडे यांचा जाहीर सत्कार'.

आडेंचा बंजारा तांडा हमरस्त्यापासून आत, केळापूरच्या अलीकडे. जया सायकल दामटत घरी आली तेव्हा क्षेपणास्त्रवीर अंगणात पाटावर बसून फवारणीच्या पंपाचा नोझल टाचणीनं साफ करत होते. खेमसिंग आडे, वय बेचाळीस, अंगानं काटक, बोलायला कंजूष. वीस वर्षं एअरफोर्समध्ये काढून गेल्या वर्षीच घरी आलेला माणूस. आता तीन एकर कपाशी, आणि उन्हाळ्यात ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर चालवायचा. त्या टँकरची जयाला लाज वाटायची. मिसाइलवरचा माणूस आणि बायकांच्या घागरींपुढं पाइप धरून उभा! पण हे ती कुणाला बोलली नव्हती.

तिनं फोन त्यांच्या नाकापुढं धरला. खेमसिंगनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. टाचणी शर्टाच्या खिशाला लावली.

"हे कोणं सांगतलं त्याईले?"

"मी."

"कायले?"

चुलीपाशी बसलेली गंगी, जयाची याडी म्हणजे आई, तिथूनच बोलली, "कायले म्हणजे? खोटं आहे का? फोटो नाही का भिताडावर?"

फोटो होता. वर्दीतला खेमसिंग, मागे हिरवी दांडगी गाडी, तिचं छातीएवढं चाक. त्या फोटोवरूनच अख्ख्या तांड्यानं ठरवलं होतं, की ही ती गाडी. शेजारच्या खिळ्याला एक जुनी पितळी घंटी लटकत होती. ती पणजोबा हिरासिंगच्या बैलाची, एवढंच जयाला माहीत होतं.

खेमसिंग उठला. फोटो उतरवला, मागचे खिळे पक्कडीनं उपसले आणि फोटो बाहेर काढून जयाच्या हातात दिला. फ्रेम लहान पडली म्हणून फ्रेमवाल्यानं फोटोची उजवी कड मागं दुमडली होती. जयानं ती उलगडली.

हिरव्या गाडीला मागं लांबट गोल टाकी होती. टाकीला ओळीनं सहा नळ. एका नळाखाली बादली.

"बाउजर म्हणते तिले," खेमसिंग म्हणाला. "पाण्याचा टँकर. मी पाणी नेत होतो."

आडेंच्या घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, आणि वऱ्हाडी दोन्ही चालत. पण जयाला राग आला की ती निव्वळ वऱ्हाडीवर यायची. भांडायला ती भाषा तिला मोकळी पडे. "किती वर्षं?"

"सतरा वर्षं पाणी. तीन वर्षं राशन."

"अन् आम्हाले सांगतलं नाही?"

"कोणी इचारलं नाही. बोलू नये असा हुकूमही होता." तो थांबला. "मले तो हुकूम बराच पडला, बेटा."

जयानं फोटो पाटावर ठेवला आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. रडली नाही. तिला एवढंच दिसत होतं, की सव्वीस तारखेला स्टेजवर कोणी तरी विचारेल, तुम्ही किती विमानं पाडली? आणि तिचा बाप सगळ्या शाळेसमोर तोंडातल्या तोंडात काही तरी बोलेल.

तीन दिवस बापलेकीत बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी तांड्याचा नायक लखीराम आला. नायक म्हणजे तांड्याचा कारभारी. पांढरा फेटा आणि आवाज डफड्यासारखा. त्याच्या फोनवरही ते लाल अक्षरांचं निमंत्रण होतं.

"खेमा, डफडेवाले सांगून ठेवले रे. अख्खा तांडा येते."

"काका, मी नाही येत. दिग्रसले काम आहे मले."

"येडा झाला का? आजवर आपल्या माणसाले कोणं स्टेजवर बोलावलं? मतं मागाले येते तेवढेच. शाल घे, नारळ घे, चार शब्द बोल अन् बस."

"मी मिसाइलवर नोहतो, काका. टँकरवर होतो."

लखीरामनं दाराकडे बघितलं, मग आवाज उतरवला. "मग? कोण रशियात जाऊन तपासून राह्यलं? तांड्याचं नाव होते त होऊ दे ना. अन् नाही आला, त उद्या तेच पोट्टे तुह्या पोरीले खोटारडी म्हणतीन. ते इचार कर."

तो गेला. त्याच्या शेवटच्या वाक्यानं जया मात्र दाराआड उभी होती तिथंच खिळली. म्हणजे बाप गेला तर तो खोटा, नाही गेला तर ती. आणि खोटं तर एकटी तीच बोलली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जया न सांगता बापामागं वावरात गेली. कपाशी गुडघ्याला लागली होती. खेमसिंग फवारत होता, ती ड्रममधलं पाणी मोजून पंपात ओतत होती. दोन पंप झाले. तिसऱ्याला तिनं विचारलं, "एकदाही बसले नाही का तुम्ही त्या गाडीत?"

"बसलो ना. अकरा दिवस."

जयाच्या हातातली बादली हिंदकळली. "आणि?"

खेमसिंगनं पंप बांधावर ठेवला. एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा वर येऊ लागला. "नवीन गाड्या आल्या. रशियाच्या. आठ-आठ चाकं. डब्ब्यावर, बटनावर, सगळीकडे त्यायचीच अक्षरं. शिकवाले त्यायचे मिस्त्री आले होते. ड्रायव्हर कमी पडले. साहेबानं पाह्यलं का आडे तेरा हजार लिटरचा टँकर रिव्हर्समंदी सुतासारखा नेते. म्हणे, चढ. चढलो. काय गाडी होती माय! बसल्यावर वाटे, गावाचं देऊळच घेऊन चाललो."

"मग?"

"बाराव्या दिवशी पह्यल्यांदा सगळा काफिला बाहेर निघणार होता. माही गाडी सगळ्यात पुढं. सकाळी तपासणी आली. साहेब वाकून पाह्यते त आरशाच्या दांड्याले घंटी."

जयानं त्याच्याकडे बघितलं. "भिताडावरची?"

"तेच. सुट्टीवर आलतो तवा घेऊन गेलतो. साहेब म्हणे, ये क्या है? म्या म्हटलं, घंटी आहे साहेब. म्हणे, कायले? म्या म्हटलं, गाडी पुढं आहे साहेब. पुढच्याले लागते."

हे जयाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे पूर्वज लदेणी करायचे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामुलुखातून न्यायचे. शेकडो बैलांच्या त्या रांगेत पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटी असे. तिचा आवाज ऐकत मागचा सगळा तांडा चाले. घंटीशिवाय बैल पुढं काढणं म्हणजे अपशकुन. हिरासिंग पणजोबाची ती घंटी खेमसिंगनं करोडो रुपयांच्या रशियन गाडीला सुतळीनं बांधली होती!

जया आधी खुदकन हसली. मग तिला हसू आवरेना. खेमसिंगही हसला, जयानं त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेबही हासला," तो म्हणाला. "पण नियम तो नियम. त्या गाडीवर सुटा खिळाही चालत नाही. मशीनमंदी काही अटकलं त? चूक माहीच होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाउजरवर."

"म्हणजे सजा दिली तुम्हाले."

खेमसिंगचं हसू गेलं. "सजा? टँकर काय सजा आहे?" आवाज चढला नव्हता, पण जयानं मान वर केली. "माळावर पन्नास माणसं उभी. वरून ऊन. डोळा पडद्यावरून हलवाचा नाही. तान लागली त माणसाले विमान कोणतं अन् पाखरू कोणतं, समजत नाही. मी रोज चाळीस किलोमीटरवरून पाणी आणो. एक दिवस चुकलो नाही. तो रशियाचा मिस्त्री, त्याले आपलं पाणी बाधलं. हगवण लागली. मी त्याले वेगळं उकळून देत होतो. जाताना माहा हात धरून म्हणे, खेमा, वदा खरशो. वदा म्हणजे पाणी. मले रशियाचे तेवढेच दोन शब्द येते. पाणी चांगलं."

जयानं बादली बांधावर ठेवली. मग एकदम म्हणाली, "बा, ते लघवीले कुठं जात होते?"

"तुले काय करायचं आहे?"

"शाळेत इचारलं होतं मी. साहेबानं सांगतलं नाही. म्हणे, त्याचा विषयाशी संबंध नाही."

"संबंध कसा नाही?" खेमसिंग जवळजवळ रागावलाच. "खड्डा खणाचा, ताडपत्री लावाची. माणशी दोन डबे पाणी. ते डबे मी भरो. दोन पोरी होत्या रडारवर, तुह्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतीन. त्यायच्यासाठी काहीच नोहतं. मी बाउजरच्या आडोशाले वेगळी ताडपत्री बांधून देल्ली. कोणी सांगतलं नोहतं. घरी तू होती नं." त्यानं पंप पुन्हा पाठीवर चढवला. "चाल. सहा पंप राह्यले."

त्या दिवशी राहिलेल्या सहाच्या जागी आठ पंप झाले.

पंचवीस तारखेला दुपारी शाळेत माइक तपासून झाला. स्टेजवर मखमली खुर्ची आली. गावंडे मॅडमनी जयाला बोलावून सांगितलं, "वडिलांना वर्दीत आण. पदकं असतील तर लावायला सांग." निकितानं कोपरानं ढोसलं. "भल्ली हवा झाली व तुही! आमची तर्री आता तूच खाऊ घाल." जया बोलली नाही म्हणून सुरभीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

घरी आली तर खेमसिंगची पिशवी भरलेली. सकाळच्या पहिल्या एसटीनं तो दिग्रसला जाणार होता. गंगी भाकरी थापत होती आणि प्रत्येक थापेसरशी एक शब्द टाकत होती.

"जा. पळ. वीस वर्षं पळाला नाही, आता पळ."

"मंग काय खोटी शाल घेऊ?"

"घेऊ नोको. पण लोक काय म्हणतीन ते मले ऐका लागते. पोरीले ऐका लागते."

"तिनंच त—" खेमसिंग म्हणाला आणि जयाला दारात बघून थांबला.

जयानं दप्तर खाली ठेवलं. ती भिंतीपाशी गेली. खिळ्यावरची घंटी काढली. आतली जीभ जाळ्यानं चिकटली होती. तिनं ओढणीच्या टोकानं पुसली. घंटी वाजली. भाकरी थापणारा हात थांबला.

"उद्या मी बोलणार आहो," ती म्हणाली. "सगळ्यात आधी. मॅडमनं माइक नाही देल्ला त बिनमाइकची बोलीन, माहा आवाज पुरते. पह्यले सांगीन का खोटं मी बोलली, बानं नाही. मंग तोच प्रश्न इचारीन, लघवीचा. अन् उत्तर मीच देईन. खड्डा, ताडपत्री, माणशी दोन डबे. चाळीस किलोमीटर. फोटो घेऊन जाणार आहो, नळासकट."

"छोरी, हासतीन तुले," गंगी म्हणाली.

"हासू दे. मागच्या येळीबी हासले."

खेमसिंग पिशवीकडे बघत होता. "अन् ते पाहुण्याची खुर्ची?"

"ते तुमची. क्षेपणास्त्रवाल्याची म्हणून नाही, पाणीवाल्याची म्हणून. यायचं त या, बा. दिग्रसले जायचं त जा. मी खुर्ची हलवू देणार नाही. मोकळी राह्यली तरी चालीन."

तव्यावरची भाकरी करपू लागली तरी गंगीनं ती उलटली नाही. खेमसिंग उठला. पिशवीचं तोंड सोडलं, वर ठेवलेला शर्ट बाजूला केला, तळातून सुतळीचा एक तुकडा काढला आणि जयाच्या हातात दिला.

जया अंगणात गेली. सायकलच्या हँडलला घंटी बांधली, दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. मग तिथूनच, मान न वळवता, घराकडे आवाज दिला.

"शाळेत घंटी बांधूनच जाणार आहो मी. उद्या पुढं मी आहो."